लिंबाखालचा पाऊस

मला एका जागी बसवत नाही. वर्गातसुद्धा फळा ते खिडकी, खिडकी ते दार अशा माझ्या येरझाऱ्या चालू असतात आणि मुलांच्या माना माझ्याबरोबर फिरतात. घरात यावरून पुष्कळ थट्टा होते. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टवर जातो. तो म्हणतो, आमच्या कंपनीत एवढं चालणाऱ्याला ओव्हरटाइम मिळतो. मी माझ्यापुरतं एक कारण शोधून ठेवलं आहे. माझा जन्म अकोले तालुक्यातल्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात कपडे चुलीजवळ धरून वाळवायचे. लग्न होऊन आले ती सुप्यापासून आत, माळावरच्या गावात, जिथं दोरीवर टाकलेली साडी मागं वळून बघेपर्यंत कडक होते. जिल्हा एकच. पण आपलं हवामान नक्की कुठलं, हे माझ्या अंगाला बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

आणि हवामान ठरवायला शिकवणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. एखाद्या जागेचं हवामान कशानं ठरतं, याची यादी पुस्तकात आहे: विषुववृत्तापासून किती लांब, समुद्रसपाटीपासून किती उंच, समुद्र किती दूर, वारा कुठून येतो, वाटेत डोंगर आहे का. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून मी त्यांना आपल्याच जिल्ह्याचा नकाशा काढायला लावते. पश्चिमेला सह्याद्री, तिथं माझं माहेर. समुद्रावरून आलेले ढग डोंगर चढता चढता सगळं ओझं तिथंच टाकतात आणि आमच्याकडं रिकाम्या हातानं येतात. तिकडं भात, इकडं बाजरी आणि मटकी. दरवर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतंच, म्हणजे बाई, तुमच्या माहेरच्यांनी आमचा पाऊस ठेवून घेतला. मला दरवर्षी हसू येतं.

मग येतात अक्षरं. जगातल्या सगळ्या हवामानांना अक्षरांच्या जोड्या देणारी एक पद्धत आहे. बारा महिन्यांचं तापमान आणि बारा महिन्यांचा पाऊस एवढे चोवीस आकडे हातात आले की कुठल्याही गावाचा वर्ग काढता येतो. ज्या परदेशी माणसानं ही पद्धत बसवली तो मुळात झाडाझुडपांचा अभ्यासक. कुठं कुठली झाडं संपतात आणि कुठली सुरू होतात हे बघून त्यानं सीमा आखल्या आणि आकडे त्यावर बेतले. झाडं चुकीचं सांगणार नाहीत, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटायचं.

एक वाक्य मात्र मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. हवा म्हणजे आज सकाळी काय झालं, हवामान म्हणजे तीस वर्षांच्या सकाळी मिळून काय झालं. तीस वर्षांपेक्षा कमी नोंदींवर कुणी हवामान सांगू लागलं तर ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका.

तीस वर्षांहून जास्त नोंदी आमच्या घरातच होत्या. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, गावच्या पाझर तलावावर चौकीदार होते. चौकीला लागून आमचं घर. चौकीमागं तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक, म्हणजे जमिनीतून हातभर वर आलेलं नळकांडं, त्यावर नरसाळं आणि आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, रेघ बघायची आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. पाऊस नसला तरी जायचं आणि शून्य लिहायचं. आमच्याकडं वर्षातले बहुतेक दिवस शून्याचेच. तरी मामा वहाणा घालून, डोक्यावर टोपी चढवून जायचे. सासूबाई होत्या तेव्हा चिडवायच्या की यांना शून्य आणायलासुद्धा टोपी लागते. मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी न विचारता काम चालू ठेवलं. अशी छत्तीस वर्षं झाली. मी या घरात पाऊल टाकलं त्या दिवशीही, माप ओलांडायला सगळे दारात खोळंबले होते आणि मामा कुंपणातून वही मिटत येत होते.

मोजून झालेलं पाणी ते टाकून देत नसत. आमच्या गावात हातातलं पाणी मातीवर भिरकावणं कुणालाच जमत नाही, भाजी धुतलेलं पाणीही कशाच्या तरी बुडाला जातं. मामा मोजपात्रातलं पाणी चार पावलांवरच्या लिंबाला घालायचे. कडूलिंबाचं ते रोप त्यांनीच लावलेलं. काटेरी फांद्यांचं कुंपण करून जनावरांपासून जपलेलं. पाऊस नसेल तेव्हा घरून तांब्याभर पाणी न्यायचे. वह्या तपासायला येणाऱ्या साहेबांची खुर्ची पुढं याच लिंबाखाली पडू लागली आणि चहाही तिथंच होऊ लागला.

दहा वर्षांपूर्वी, तिसाला चार वर्षं कमी असतानाच, मी त्या वह्या घेऊन बसले. पाच-पाच वर्षांच्या सरासऱ्या काढल्या तर पाऊस पायरी पायरीनं उतरताना दिसला. तापमान तालुक्याच्या ठिकाणचं घेतलं, पद्धतीप्रमाणे गणित मांडलं, आणि आमचं गाव अर्धशुष्क वर्गातून घसरून शुष्क वर्गात, म्हणजे सरळ वाळवंटाच्या खान्यात गेलेलं निघालं. मी मुलांकडून शाळेच्या भिंतीवर तो आलेख रंगवून घेतला. वर लाल अक्षरांत लिहिलं: ‘आपलं गाव वाळवंटात’. प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. गावात मात्र बरीच चर्चा झाली. एका घरचं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण मुलीच्या मामानं ती भिंत वाचली आणि वाळवंटात भाची द्यायची नाही म्हणून तो उठून गेला. ते घर माझ्यावर रुसलं. मी मागं हटले नाही. मामांचा आकडा म्हणजे आकडा, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शाळेत एका कचेरीतून फोन आला. जिल्ह्याच्या हवामानाचा नवा नकाशा होणार होता. ज्या गावात सलग तीस वर्षांच्या नोंदी असतील त्या गावाला नकाशात स्वतःचं टिंब मिळणार, बाकीच्यांना शेजारच्या टिंबांवरून अंदाजानं रंग. मी घरी येऊन हे सांगितलं तर मामा खाटेवरून उठून उभे राहिले. त्यांना एक जुना राग होता. पेपरात कायम तालुक्याचा पाऊस यायचा. तालुक्याला पडला म्हणजे तुमच्याकडं पडलाच, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आणि त्यांच्या वहीत त्या दिवशी शून्य असायचं. आता गावाचा पाऊस गावाच्या नावावर लागणार होता. त्यांनी मला दोनदा विचारलं, टिंब केवढं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन भिंतीवरच्या नकाशावर आपलं गाव कुठं येईल तिथं बोट टेकवून बघितलं.

फॉर्म दोन पानांचा होता. मी तो एका बैठकीत भरत आणला, फक्त एक रकाना राहिला: मापकाजवळचं झाड किंवा इमारत, उंची, अंतर. नंतर बघू म्हणून फॉर्म पर्समध्ये टाकला आणि नागपंचमीला माहेरी गेले.

माहेरी धरणाच्या अंगाला असाच एक मापक आहे. माझा चुलतभाऊ तिथलं माप घेतो. सकाळी त्याच्याबरोबर छत्री धरून गेले. तिथला पाऊस एका मोजपात्रात मावतच नाही. तो पात्र भरायचा, पाठीमागं भिरकावायचा, परत भरायचा, ओठातल्या ओठात बेरीज करत. पाणी असं फेकलेलं बघायची माझी सवय मोडली आहे. मी त्याला म्हटलं, अरे, एखाद्या झाडाला तरी घाल.

तो हसला. “ताई, हितं झाड ठिवायचंच न्हाई. एक हुतं, पन साहेबानं पयल्याच दिवशी तोडाया लावलं. झाड जेवडं उंच त्याच्या दुप्पट लांब पायजे मापक, न्हाईतर झाडच पाऊस खातं.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं, एका वर्षी परीक्षेत विचारलंही होतं. पण वाचलेली गोष्ट आणि रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. मी छत्री मिटली आणि भिजत उभी राहिले. भाऊ बेरीज विसरला आणि माझ्यावर वैतागला.

परतीचा प्रवास जीपनं अकोले, तिथून संगमनेर, मग नगरची बस, मग सुपा. खिडकीबाहेर एकामागून एक वर्ग सरकत होते. आधी चिखलातला भात, मग पाटपाण्यावरचा ऊस, मग पाण्याची वाट बघणारी बाजरी. एरवी मी हा प्रवास मुलांना सांगायचा म्हणून बघत येते. त्या दिवशी मला बसवेना. जागा रिकामी असून दांडीला धरून उभी राहिले तेव्हा कंडक्टर म्हणाला, बाई, तिकीट बसायचं पण काढलंय तुम्ही. मनातल्या मनात मी सारखी तो लिंब उंच करून बघत होते आणि कमी करून बघत होते.

सकाळी साडेआठला मामांच्या मागोमाग कुंपणात गेले. रात्री थोडा शिंतोडा झाला होता. मामांनी माप घेतलं, लिहिलं, चार पावलं चालून पाणी लिंबाच्या बुडात ओतलं. मी मान वर केली. लिंब कौलांच्या कितीतरी वर गेला होता आणि त्याच्या फांद्या कुंपणावरून आत येऊन नळकांड्याच्या डोक्यावर पसरल्या होत्या. झाड नेमकं पश्चिमेच्या अंगाला, जिकडून पावसाचा वारा येतो तिकडं. अंगणातली फरशी चांगली ओली होती. मोजपात्रात मात्र तळ जेमतेम ओला झाला होता. दहा वर्षं मी ज्याला वाळवंट म्हणत होते ती या झाडाची सावली होती, आणि ते झाड मोजलेल्या पावसावरच वाढलं होतं. मला आधी स्वतःची लाज वाटली आणि लगेच मामांचा राग आला. मग त्या रागाचीही लाज वाटली.

पुढचे आठ दिवस मी तो रकाना भरत आणि खोडत काढले. पेन्सिलीनं ‘जवळ झाड नाही’ लिहिलं, पुसलं. उंची खरी लिहून अंतर वाढवलं, तेही पुसलं. कागद तिथं पातळ झाला. खोटं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? आजवर जे तपासायला आले ते त्याच लिंबाखाली चहा पिऊन गेले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गप बस, त्यांचं वय झालंय, एका टिंबानं कुणाचं काय बिघडतंय. मी त्याच्यावर खेकसले, कारण माझ्याही मनात तेच होतं. मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक फेरीला ती लाल अक्षरं समोर यायची. आणि मामा रोज संध्याकाळी विचारायचे, टाकला का कागद. नवव्या दिवशी मी म्हटलं, एक आकडा राहिलाय मामा. ते पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, “तू लिव्हशील त्यो बरोबरच आसंल.”

मी इतकी वर्षं त्यांच्याबद्दल जे बोलत होते तेच ते माझ्याबद्दल बोलले. मग मला राहवलं नाही. मी त्यांना बाहेर लिंबाखाली नेलं, वर बघा म्हटलं आणि सगळं सांगितलं. भराभर सांगितलं, शाळेत सांगते तसं, येरझाऱ्या घालत. त्यांनी लिंब बुडापासून शेंड्यापर्यंत बघितला. मग म्हणाले, काठी आण. उतरत्या उन्हात त्यांनी काठी उभी केली, तिची सावली पावलांनी मोजली, झाडाची सावली मोजली, आणि बोटांवर हिशोब करून सांगितलं की झाड तीस फूट भरतंय. अंतर दहा फूट. मी शिकवते ते गणित ते तलावाच्या कामावर कधीतरी शिकले होते. काठी बाजूला ठेवून ते चौकीच्या पायरीवर बसले.

“म्हंजे कवापासनं खोटं?”

खोटं नाही मामा, कमी, असं मी म्हटलं.

“कमी म्हंजे खोटंच की. आख्ख्या गावाचा पाऊस मी कमी लिव्हला.”

मला रडू आलं, आणि रडताना मी नेहमी चिडते, तशी चिडले. तुम्ही एक दिवस चुकवला नाहीत, शून्यसुद्धा चुकवलं नाहीत, मग खोटं कसं, असं काहीबाही ओरडले. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांना फक्त कवापासनं ते हवं होतं. झाड कधी किती होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण वहीत पाऊस लिहायचा असतो, झाड नाही.

शेवटी नवऱ्यानं आमच्या लग्नाचा अल्बम काढला. गृहप्रवेशाच्या दिवशी फोटोग्राफरनं आम्हा दोघांना चौकीमागं उभं केलं होतं, उजेड चांगला म्हणून. माझ्या मागं काटेरी कुंपणात लिंबाचं रोप आहे, माझ्या डोक्याएवढं. दहा फुटांवर पाच फुटांचं झाड, नियमात बसत होतं. पण त्यानंतर ते दरवर्षी वाढतच गेलं. मामांनी चष्मा पुसून फोटो बघितला आणि रोपाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. “हितपत्तोर खरं.”

म्हणजे पहिली चौदा वर्षं खरी. मी या घरात आल्यापासूनचा सगळा पाऊस संशयाचा. नवरा म्हणाला, मला वाटलंच होतं. मामासुद्धा हसले, पण थोडंसंच.

तो रकाना त्यांनी स्वतःच्या हातानं भरला. उंची तीस फूट, अंतर दहा फूट. खाली शेऱ्याची जागा होती. तिथं त्यांनी मला न विचारता लिहिलं: ‘झाड मीच लावले आहे.’ मी लग्नाच्या वर्षानंतरच्या नोंदींपुढं खुणा केल्या आणि कागद पोस्टात टाकला.

दिवाळीनंतर उत्तर आलं. चौदा वर्षांच्या नोंदी चांगल्या आहेत, जपून ठेवाव्यात, पण हवामान ठरवायला पुरेशा नाहीत. गावाला टिंब मिळणार नाही. शेजारच्या टिंबांवरून आमचं गाव अर्धशुष्क धरलं होतं, म्हणजे वाळवंट नाही, आणि हेही दुसऱ्यांच्याच पावसावरून. मी मामांना पत्र वाचून दाखवलं. बोलायचं म्हणून मी म्हटलं, झाड तोडलं तर पुढचा पाऊस तरी खरा येईल. ते म्हणाले, “आन तीस वर्सं परत मोजाया मी आसनार हाय का?” मी तो विषय परत काढला नाही.

शाळेची भिंत मी स्वतः चुन्यानं रंगवली. मुलांना सांगितलं की चूक माझी, मी आकडे बघितले, जागा बघितली नाही. लग्न मोडलेल्या त्या घरीही जाऊन सांगितलं. त्यांच्या मुलाचं दुसरीकडं लग्न होऊन आता दोन लेकरं आहेत. त्यांनी चहा दिला, साखर जरा कमीच. शाळेच्या मैदानात मधोमध नवा मापक बसवला. नववीचा वर्ग पाळीपाळीनं माप घेतो आणि लांब लांबपर्यंत झाड लावायचं नाही, असं मी ठळक लिहून ठेवलं आहे. झाड लावू नका असं लिहिताना माझा हात अडखळला, ते वेगळं.

मामांनी मात्र त्या पत्राच्या दिवसापासून टोपी घातली नव्हती. साडेआठ वाजले की खाटेवर उठून बसायचे, पायानं वहाणा चाचपायचे आणि परत आडवे व्हायचे. त्यांचं ते बघून मला घरात थांबवायचं नाही. मी शाळेला अर्धा तास आधीच निघू लागले.

एका सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा ते टोपी घालून बाहेर आले. काखेत कोरी वही. चौकीमागं गेले, कुंपणाचं फाटक उघडलं. मी मागोमाग धावले. मामा, आता कशाला, पाऊस शाळेत मोजतोय ना आम्ही, असं मी म्हटलं. त्यांनी बाटली काढून उजेडाकडं धरली.

“मोकळ्यावरचा तुजी पोरं मोजत्यात. झाडाखाली किती पडतो, त्ये बी कुनीतरी मोजलं पायजे का न्हाई?”

मला शाळेला उशीर होत होता, तरी मी पायरीवर बसून राहिले. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लिंबाखालचा पाऊस’ असं लिहिलं, पहिल्या पानावर झाडाची उंची आणि अंतर लिहिलं, मग तारीख टाकली. बाटली कोरडी होती. त्यांनी शून्य लिहिलं.